फुकटचा बेस

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहिणारे बहुतेक लोक निवृत्त झालेले असतात. मी अजून तिशीचीही नाही. संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "चुकीचा नंबर तर नाही ना लागला?" ते म्हणाले, नाही, अंपायर बाईच पाहिजे. मग म्हटलं, लिहिते. निवृत्त होईपर्यंत थांबले तर सगळंच गोड आठवायला लागेल, आणि ते मला नको आहे. मला राग ताजा असतानाच लिहायचं आहे.

मी बेसबॉलची अंपायर आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यात असं सांगितलं की लोकांना आधी क्रिकेट वाटतं. नाही म्हटलं की ते विचारतात, "अन् मग पोटापाण्याचं काय?" पोटापाण्यासाठी मी पिपरी मेघेला शिकवण्या घेते. पावसाळा उलटला की शाळांच्या स्पर्धा सुरू होतात, तेव्हा चेहऱ्याची जाळी आणि छातीचं पॅड पिशवीत कोंबून एसटीनं फिरते. कंडक्टर विचारतो, "मॅडम, मधमाशा काढाले जाता का?"

आणि तिसरं काम पत्रकांचं. कॉलेजात मी संघटनेत होते. वसतिगृहाच्या पाण्यासाठी, मुलींच्या बसपाससाठी, अडकलेल्या शिष्यवृत्तीसाठी पत्रकं लिहून लिहून माझं मराठी तयार झालं. पत्रकाचा कायदा साधा आहे. पहिल्या ओळीत अन्याय सांगायचा, शेवटच्या ओळीत मागणी करायची आणि खाली आपलं नाव लिहायचं. नाव न लिहिणारा माणूस भित्रा. हा कायदा मी कधी मोडला नाही आणि गोष्ट त्याच्यावरच येऊन अडली.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. बॅटर एका पांढऱ्या पाटीजवळ उभी राहते. ती होम प्लेट. समोरून पिचर बॉल फेकते. बॅटरच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत आणि पाटीच्या रुंदीएवढी एक खिडकी हवेत आहे असं समजा. न मारलेला बॉल खिडकीतून गेला तर 'स्ट्राइक', बाहेरून गेला तर 'बॉल'. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर आउट. चार बॉल झाले की तिला न मारता पहिला बेस मिळतो. तीन बेस पार करून पुन्हा होम प्लेटला आली की एक रन. आता ही खिडकी कोणालाच दिसत नाही. ती फक्त पाटीमागं वाकून उभ्या असलेल्या अंपायरला दिसते असं मानायचं ठरलेलं आहे. माझी नोकरी म्हणजे न दिसणाऱ्या खिडकीची चौकीदारी.

त्या चार बॉलवर मिळणाऱ्या बेसला आमच्याकडे लोक म्हणतात, फुकटचा बेस. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. क्रिकेटमध्ये ऑफ स्टंपबाहेरचा बॉल सोडला की टीव्हीवरचे म्हणतात, काय संयम, काय नजर! आमच्या मुलीनं बॉल सोडला की गाव म्हणतं, घाबरली. समुद्रपूर तालुक्यातल्या एका सामन्यात तर प्रमुख पाहुणे खुर्चीतून उठून थेट मैदानात आले. मुलगी चार बॉलवर पहिल्या बेसवर गेली होती. पाहुणे मला म्हणाले, "ओ मॅडम, तिले वापस बोलवा. तिनं तं मारलंच नाई. गरिबाच्या पोरीवर अन्याय नोका करू." मी त्यांना नियम सांगितला. ते म्हणाले, "नियम राहू द्या, मी सांगून राह्यलो ना." शेवटी त्या मुलीनंच बेसवरून ओरडून सांगितलं, "काका, मी इथं खुश हाय, तुम्ही बसा!"

आता रजनीताईकडे येते. तिच्यासाठीच तर लिहिते आहे.

रजनीताई शाळांचे गणवेश शिवते. आमच्या आधीच्या पिढीत तालुक्यातल्या एका शाळेची मुलींची टीम होती, ती त्यातली. आता ती त्याच शाळेच्या मुलींना रोज सकाळी मैदानावर फुकट शिकवते. आवाज असा की जाम गावाच्या हायवेवरच्या चौकात बोलली तर ट्रकवाला ब्रेक मारेल. स्वतःची स्तुती ती स्वतःच करते, दुसऱ्यावर सोडत नाही. "माह्यासारखी नजर जिल्ह्यात कोनाची नोती," असं ती पहिल्याच भेटीत म्हणाली आणि नंतर प्रत्येक भेटीत.

त्या टीमचं एक वैशिष्ट्य होतं. त्या बायकांनी जिल्ह्याबाहेरच्या टीमा हरवल्या, पण मोठे फटके मारून नाही. त्या बेसवर जायच्या. चार बॉलवर जायच्या, अंगावर बॉल घेऊन जायच्या (लागला तरी बेस मिळतो), बॅट नुसती टेकवून बॉल पायाशी पाडून पळायच्या. एकदा बेस भरले की समोरची पिचर रडकुंडीला यायची. पण नाव झालं ते लांब मारणाऱ्यांचं. निवड समितीनं विचारलं, हिट किती? हिट नव्हत्याच. टीम जिंकत गेली आणि त्यातली एकही बाई विभागाच्या संघात गेली नाही. हे मला कळलं तेव्हा मी तिथंच ठरवलं, यावर पत्रक निघालंच पाहिजे.

निमित्तही होतं. शाळेच्या संस्थेनं पहिल्यांदाच पगारी प्रशिक्षक नेमायचं ठरवलं. बाहेरगावचा एक तरुण उमेदवार होता. मुलगा चांगला होता, लांब मारायचा, त्याचे फटके मोबाइलवर दिसायचे. संस्थेचे सचिव त्यावर खुश होते. रजनीताईनं अर्ज केला तर ते म्हणाले, "हिच्या नावावर मारलेलं काहीच नाही. जिला मारता येत नाही ती पोरींना मारायला काय शिकवणार? सकाळी मैदानावर दोन दोन मास्तर नकोत. नवा माणूस आला की ताईंनी थांबावं."

म्हणजे पगाराचा प्रश्न नव्हता. तिच्या मुलीच तिच्याकडून जाणार होत्या. ज्यांच्या जर्सीही तिनंच शिवल्या होत्या त्या मुली. रजनीताई त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी हळू आवाजात बोलली. म्हणाली, "सकाळी उठून मी जाऊ कुठं वं?"

मी रातोरात वगैरे नाही, दुपारच्या शिकवणीला सुट्टी देऊन पत्रक लिहिलं. मथळा होता, 'थांबायला छाती लागते'. लिहिलं की या महिलांनी संयमाची एक परंपरा घडवली, मोहाला नकार दिला, फटक्यांच्या झगमगाटात त्यांची साधना दुर्लक्षित राहिली. मागणी: रजनीताईंना नेमा. खाली माझं नाव. बाजारात वाटलं, एसटी स्टँडवर वाटलं, सचिवांच्या दारातही टाकलं.

सर्वांत आधी भडकली ती रजनीताईच.

"काऊन वं प्रज्ञे, हे काय लिहून ठेवलं? साधना? मी काय बुवा हाय का?"

"ताई, तुम्ही मोह टाळला, म्हणून..."

"कायचा मोह टाळला? आमाले हौस नोती का मारायची? शाळेजवळ बॉल एकच होता! अन् मैदानाच्या पल्याड पऱ्हाटी. मॅचा होये दिवाळीच्या आसपास. तवा कापूस फुटला राहे. पांढऱ्या कापसात पांढरा बॉल गेला का झालं, शोधत बसा! म्हनून खेळाच्या मॅडमनं कायदाच करून टाकला, पऱ्हाटीत मारला का आउट. अन् जिनं मारला तिनंच शोधाचा. वेचनीवाल्या बाया शिव्या देत ते वेगळंच."

मग तिनं तो किस्सा सांगितला. तिच्या मैत्रिणीनं एकदा न राहवून मारलाच. बॉल कापसात गेला आणि सापडलाच नाही. पुढं तो वेचलेल्या कापसाबरोबर गाठोड्यात गेला, गाठोडं बैलबंडीत गेलं आणि बॉल जिनिंगच्या कारखान्यावर पोचला. तिथल्या माणसानं परत पाठवला तेव्हा अर्धा सीझन संपला होता. तोवर मुली चिंध्यांच्या बॉलवर खेळल्या. "त्याच्यानंतर कोनी मारे नाई. मारायची पाळी आली तरी नुसतं टोचत जावो. इकडं टोच, तिकडं टोच. बॉल पायाजवळच राह्यला पायजे. संयम-फिंयम काई नाई. बॉल एक होता, लिह्य तसं!"

मला आधी वाटलं, माझं पत्रकच पडलं. मग दुप्पट राग आला. म्हणजे यांना मारूच दिलं नाही, आणि वर विचारलं, मारलं किती? यावर दुसरं पत्रक निघालं असतं. पण तेवढ्यात सचिवांचा निरोप आला.

माणूस हुशार. म्हणाले, "पत्रक वाचलं. भाषा झकास आहे. आपण वादच मिटवू. जुन्या खेळाडू विरुद्ध आताच्या पोरी, अशी एक मॅच लावू. ताईंनी मारून दाखवावं, नेमणूक करू. सगळ्यांसमोर."

"आणि अंपायर?"

"तुम्हीच या. दुसरं कोण आहे इथं?"

खरंच दुसरं कोणी नव्हतं. आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. आजही सांगते, पाटीमागं उभी राहिले की मला माझ्या आईचीही ओळख राहत नाही. पण ते मला माहीत होतं, लोकांना नाही.

मॅचच्या दिवशी निम्मं गाव आलं. जुन्या बायका जमल्या. कोणी शिक्षिका होती, कोणी पंचायतीत कारकून, कोणी शेतावरून थेट आलेली. कोणाचे गुडघे दुखत होते, कोणी साडीखाली ट्रॅकपँट घालून आली होती. समोर पिचर होती आचल, रजनीताईचीच लाडकी शिष्या, उंच, रागीट, हरणं न सोसणारी. रजनीताईनं तिला आधीच बजावलं होतं, "मले सोडशील तं पाहाय. हातपाय तोडीन."

आचलनं कोणालाच सोडलं नाही. ती जोरात टाकत होती. पण त्या बायका! बॉल खिडकीबाहेर बोटभर गेला तरी बॅट हलत नव्हती. तरुण मुली जिथं झपाट्यानं बॅट फिरवून बसतात तिथं या बाजारात भाजी पाहावी तशा बॉल पाहत होत्या आणि नको म्हणत होत्या. पाटीमागून मी असं कधी पाहिलं नव्हतं. शेवटचा डाव आला तेव्हा दोन्हीकडे रन सारखे होते. जुन्या टीमच्या दोघी आउट झाल्या होत्या, पण बाकी तिघी एकेक करून बेसवर गेल्या. तिसरी गेली ती अगदी काठावरच्या बॉलवर. माझ्या मते तो बाहेर होता. मी म्हटलं, "बॉल चार!"

आणि गर्दीतून आवाज आला, "पत्रकवालीनं दिला!"

हशा पिकला. मग ते वाढतच गेलं. "काय मॅडम, पत्रकात लिहून आनलं का?" सचिवांनी खिशातून माझंच पत्रक काढलं आणि पंख्यासारखं हलवत शेजाऱ्याला म्हणाले, मला ऐकू येईल अशा आवाजात, "खाली नाव वाचा. आता ताई आल्या बॅटिंगला. आता तर बेस पक्काच."

तिन्ही बेस भरलेले होते. अशा वेळी बॅटरला चार बॉल मिळाले तर सगळ्या एकेक बेस पुढं सरकतात, तिसऱ्या बेसवरची घरी येते आणि मॅच संपते. म्हणजे रजनीताईची मॅच आणि तिच्या मुली, दोन्ही माझ्या एका शब्दावर आल्या होत्या. आणि त्या शब्दाची किंमत संपली होती. पत्रक खोटं नव्हतं. दिलेला निर्णयही खोटा नव्हता. पण दोन खऱ्या गोष्टी एकाच तोंडातून आल्या की लोक दोन्ही खोट्या धरतात.

रजनीताई पाटीजवळ आली. माझ्याकडे न पाहता पुटपुटली, "तू आता तोंड बंद ठेवजो."

"ताई, निर्णय तर द्यावाच लागेल ना."

"मी देऊ देईन तवा ना."

मला काही कळलं नाही. पहिल्या दोन स्ट्राइक मी दिल्या. दोन्ही खिडकीतून गेल्या होत्या. गर्दी जरा गोंधळली. तीन बॉल मात्र इतके बाहेर गेले की पाटीमागं बॉल झेलणाऱ्या कॅचरला उडी मारावी लागली. आता दोन स्ट्राइक, तीन बॉल. पुढचा बॉल तिनं सोडला तर सगळं माझ्यावर.

तिनं सोडलाच नाही. आचलनं काठावर टाकला, ताईनं मनगट वळवून बॉलला नुसतं टोचलं. बॉल मागच्या जाळीवर. हा फाउल. दोन स्ट्राइक झाल्यावर असा फाउल गेला की काहीच होत नाही, बॉल पुन्हा टाकायचा. पुन्हा टाकला. पुन्हा टोचला, या वेळी बाजूच्या रेषेबाहेर. पुन्हा. एक तर गुडघ्याच्या चांगला खाली होता. सोडला असता तर मी बॉल दिला असता आणि ती जिंकली असती. तिनं कंबरेतून वाकून तोही टोचला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ही बाई माझ्या हातून बेस घ्यायला तयार नाही. मला बोलायची वेळच येऊ देत नाही. हक्काचा बॉल फेकून देत होती, केवळ माझं नाव त्या पत्रकाखाली होतं म्हणून.

गर्दीचा आवाज बदलत गेला. आधी हसत होते, मग मोजायला लागले, मग मोजणंही थांबलं. आचलचा चेहरा लाल झाला. ती बाहीनं घाम पुसत होती, हात झटकत होती.

"टाक वं," ताई म्हणाली. "थकली का? सकाळी पळाले सांगतो तं तोंड वाकडं करतं."

"थकली नाई मी!"

"मंग टाक."

आचलनं सगळा जीव लावून टाकला. बॉल तिच्या हातातून लवकर सुटला, पाटीच्या बराच अलीकडे मातीत आपटला आणि धूळ उडवत कॅचरच्या पायाशी गेला. बाहेर बसलेलं लहान लेकरूही सांगू शकलं असतं. मी तोंड उघडायच्या आत गर्दीच म्हणाली, "गेला!" खुर्चीवरून सचिवही बोलून गेले, "गेला." बॉल दिला की अंपायर हात वर करत नाही. मला काही करावंच लागलं नाही. ताईनं बॅट खाली ठेवली आणि पहिल्या बेसकडे चालत गेली. धावली नाही. चालत.

बायकांनी दंगा केला. सचिव मात्र उठून म्हणाले, "छान. पण ताई, ठरलं काय होतं? मारून दाखवा. मारलं तर नाहीच."

मी जाळी काढून काही बोलणार, तोच आचल मैदानाच्या मधून ओरडली. रडत होती आणि चिडलेलीही होती. "सर, माह्या हातात जीव नाई राह्यला, अन् तुम्ही म्हनता मारलं नाई? अजून काय मारायचं राह्यलं तिचं?"

लोक हसले, पण या वेळी सचिवांना. ते म्हणाले, "बरं. हा सीझन पाहू." तेवढंच. हार नाही, भाषण नाही, माफी तर नाहीच. बाहेरगावच्या मुलाला कळवलं गेलं. रजनीताईच्या मुली रजनीताईकडे राहिल्या.

माझ्या परतीच्या एसटीची वाट पाहत आम्ही दोघी उभ्या होतो. मी म्हणाले, आता दुसरं पत्रक काढते, शाळेच्या त्या एकुलत्या बॉलवर आणि निवड समितीवर. तिनं माझ्या पिशवीतल्या जाळीकडे पाहिलं.

"एक काम कर. पत्रकं लिह्य, नाई तं अंपायर हो. माह्या पोरीइच्या मॅचले दोन्ही नोको करू."

"मी कधी चुकीचा निर्णय दिला का?"

"नाई दिला. तेच तं सांगून राह्यली. पोट्ट्या जीव तोडून बेस कमावतीन, अन् लोक तुह्या नावावर टाकतीन. फुकटचा म्हनतीन. मंग मी कायले येवढी टोचत बसली?"

मी भांडले. तत्त्वाचा मुद्दा मांडला, निष्पक्षतेवर बोलले, एसटी येईपर्यंत बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? मंग ठरलं."

दुसरं पत्रक मी काढलं. त्यात संयम हा शब्द नव्हता. बॉल एक होता, हे होतं. आणि तेव्हापासून त्या शाळेची मॅच असली की मी अंपायरिंग नाकारते. हे ताईशिवाय कोणी मला सांगितलेलं नाही, कुठल्या नियमात नाही, आणि मला ते पटलेलंही नाही. तरी नाकारते.

या वर्षी वर्ध्याला त्यांची उपांत्य मॅच होती. मी प्रेक्षकांत, दोरीच्या बाहेर. पाटीमागं दुसरी अंपायर. शेवटचा डाव, आचल बॅटिंगला, दोन स्ट्राइक, तीन बॉल. बॉल आला. आचलनं तो पाहिला, ताईनं शिकवलं तसा पूर्ण पाहिला आणि सोडला. पाटीच्या बाहेरून गेला. अंपायरचा हात वर गेला. स्ट्राइक. आउट. मॅच संपली.

माझं तोंड उघडलं होतं. पलीकडून रजनीताईनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत अन्याय पाहून गप्प बसले. आचल मान खाली घालून निघाली, ताईनं तिच्या डोक्यावरची टोपी सरळ केली, दोघी बसकडे गेल्या. मीही घरी आले.

मैदानावर बोलायचं नाही, असं ताईच्या त्या बोटानं ठरलं होतं. दिवाळी अंकाबद्दल काही ठरलं नव्हतं. तो बॉल होता. खाली माझं नाव आहे.